वळण

आमच्या विद्यापीठाला वर्ग नाहीत.
पुस्तकं पोस्टानं येतात, वर्गमैत्रिणी येत नाहीत.
म्हणून गंगापूर धरणाकडच्या उघड्या मैदानावर
जानेवारीत, सकाळी सहाला,
तोंडातून वाफ सोडत उभ्या होतो आम्ही चौघी,
एकाच शिक्क्याच्या, एकमेकींना कधी न पाहिलेल्या.

निलोफर मालेगावची. लूमच्या खडखडाटात वाढलेली,
म्हणून कानात सांगायचं तेही ओरडून सांगते.
मनकर्णा सुरगाण्याच्याही पुढची. शूज मिळाले
तेव्हा तिनं ते नीट पुसून पिशवीत ठेवले.
कापडणीस सटाण्याची, बी.ए.चं दुसरं वर्ष तिसऱ्यांदा.
आणि मी, सातपूरची, चार तास झोपून आलेली,
नखांत अजून ग्रीस.

खैरनार सरांनी स्टॉपवॉच दाबलं, झटकलं, पुन्हा दाबलं
आणि वाटणी केली:
सुरुवात कापडणीस. मग निलोफर. शेवट मनकर्णा.
"शेवटचं वळण तुझ्याकडे."
मला हसू आलं.
आई जन्मभर म्हणत आली, या पोरीला वळण नाही.
घे म्हटलं आता,
चुन्यानं आखलेलं, एकशेवीस मीटर.

वळणावर अंग आत झुकतं.
बाहेर फेकणारं काहीतरी असतं तिथं,
ते पुस्तक क्रमांक तीनमध्ये आहे, पान आठवत नाही.
पोटरीला आठवतं.

सरावाला बॅटन नव्हतं. प्लंबरकडून आणलेला
फूटभर पीव्हीसी, कडा फरशीवर घासलेल्या.
देताना हाक काय मारायची, यावरून भांडण.
मी म्हणायचे "घे". निलोफर "ले".
मनकर्णा म्हणाली, आमच्यात "धर" म्हणतात.
कापडणीस म्हणाली, मी नुसतं हं करीन, दम कुठून आणू.
सर म्हणाले, एक शब्द ठरवा.
नऊ दिवसांत तेवढंच ठरलं नाही.

मागं न बघता हात मागं करायचा.
हे शिकायला मला सगळ्यात उशीर लागला.
मागून येणारं म्हटलं की मला
त्र्यंबक रोड आठवतो, दुसरी पाळी सुटल्यावरचा,
आणि इंजिन बंद करून, नुसती उतारावर
सोडलेली मोटरसायकल.
खरं तर त्या रात्री मी पहिल्यांदा धावले.
वेळ कुणी नोंदवली नाही.

सरांना एवढंच सांगितलं, वळून बघायची सवय जात नाही.
ते म्हणाले, सेकंद जातात.
निलोफरला काहीच सांगितलं नव्हतं.
ती दुसऱ्या दिवसापासून
वीस पावलं लांबूनच ओरडत यायला लागली,
"मैं हूँ, मैं हूँ, मैं हूँ"

स्पर्धेला ट्रॅकसूट मिळाले. चौघींना एकाच मापाचे,
धुवून परत करायच्या अटीवर.
शेजारच्या लेनींतल्या मुलींना ढोल होते,
गच्चीएवढे बॅनर, नावानं ओरडणारी पोरं.
आमचे सगळे विद्यार्थी आपापल्या घरी.
एकटा मनकर्णाचा भाऊ आलेला, डझनभर केळी घेऊन.

पिस्तुलाचा धूर आधी दिसला, आवाज मागून.
मग तीच आरोळी, मैदानभर.
मी हात मागं टाकला.
मान वळली नाही.
तळव्यात खरं बॅटन बसलं, अॅल्युमिनियमचं,
दोघींच्या घामानं ऊन झालेलं.

वळण संपताना मनकर्णाची पाठ दिसली,
खाली अनवाणी पाय. शूज पिशवीतच.
माझ्या तोंडून "घे" नाही निघालं.
"धर" निघालं.

आठांत सहाव्या आलो.
केळी तिथंच, कठड्यावर बसून संपवली.

सोमवारी पुन्हा दुसरी पाळी.
रात्री सुटले तर मागून कुणीतरी येत होतं.
मी वळून बघितलं. तिथं बघायचंच असतं.
पण पिशवीत तो फूटभर पीव्हीसी होता
आणि मुठीला त्याची जागा माहीत झाली होती.

कुत्रं होतं.

ट्रॅकसूट अजून परत करायचाय.
सरांचे दोन मिसकॉल.